घास आणि घोट



गेल्या पावसाळ्यात, शाळेच्या मधल्या सुटीत, आठवीतला एक मुलगा शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी उभा राहून बराच वेळ माझ्याकडे पाहत होता. अखेर धीर करून त्याने विचारले, "सर, तुम्ही जेवता की घास मोजता?" प्रश्न उद्धटपणाचा नव्हता. माझ्या डब्यात वाटीभर मुगाचे वरण आणि पाव भाकरी होती, आणि एवढ्यासाठी मला पंचवीस मिनिटे लागतात हे त्याने रोज पाहिले होते. मी त्याला हसून वाटेस लावले. वस्तुतः त्याला उत्तर द्यावयास हवे होते. ते आज देतो.

२०१३ साली माझे वजन १३२ किलो होते. मधुमेह जडला होता, आणि शाळेचा जिना चढताना वळणावर थांबलो की मागे मुलांची रांग तुंबत असे. पथ्ये करून झाली, पहाटे फिरून झाले. दहा किलो उतरत आणि बारा चढत. तेव्हा एका मोठ्या शहरी जाऊन मी जठराभोवती कडे बसवून घेतले. जठराच्या अगदी वरच्या भागाभोवती सिलिकॉनचे एक पोकळ कडे बसवितात. त्यामुळे कड्याच्या वर एक लहानशी पिशवी तयार होते, आणि तेथून अन्न अरुंद वाटेने सावकाश खाली उतरते. कड्याला जोडलेली एक बारीक नळी पोटाच्या कातडीखाली ठेवलेल्या डबीपर्यंत येते. त्या डबीत सुईने क्षारजल भरले की कडे आवळते, काढून घेतले की सैल होते. जठर कापीत नाहीत, आणि कडे पुढे काढूनही टाकता येते. फुगविता येणारे असे कडे अमेरिकेत कुझमाक नावाच्या शल्यविशारदाने १९८६ च्या सुमारास वापरात आणले. १९९३ साली बेल्जियममध्ये बेलाश्यू यांनी ते दुर्बिणीच्या साहाय्याने, पोट मोठे न उघडता, बसविले. आणि २००१ मध्ये अमेरिकन सरकारच्या औषध-खात्याने त्यास मान्यता दिली. आज मात्र ही शस्त्रक्रिया पुष्कळच मागे पडली आहे. जठराचा मोठा भाग कापून त्याची नळी करण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी पुढे आली आहे. तेव्हा मी या कड्याची जाहिरात करीत आहे असा कोणी ग्रह करून घेऊ नये. ज्यांच्या पोटात ते आहे, त्यांनी कसे खावे-प्यावे एवढेच मला सांगावयाचे आहे.

पहिले दोन आठवडे केवळ पातळ पदार्थ: गाळलेले वरण, ताक, पेजेची निवळ, सूप. पुढचे दोन-तीन आठवडे सारे घोटून, लहान बाळाला भरवितो तसे. मग मऊ पदार्थ, आणि सहाव्या आठवड्याच्या सुमारास नेहमीचे अन्न. कड्यात पहिल्यांदा पाणी भरतात तेही त्याच सुमारास. येथपर्यंत मी आज्ञाधारक विद्यार्थी होतो. खरी परीक्षा पुढे आली.

शाळेत त्या दिवशी तपासणी होती. घंटा व्हायला दहा मिनिटे उरली असताना मी चपाती-बटाट्याची भाजी पूर्वीच्याच वेगाने खाल्ली. तिसऱ्या घासाला छातीच्या मध्यभागी दगड ठेवल्यासारखे झाले आणि तोंडात लाळ दाटून आली. अडकलेला घास खाली लोटावा म्हणून मी वर पेलाभर पाणी प्यालो. ही शुद्ध मूर्खता! पाण्याला जायला वाटच नव्हती. नळामागे जाऊन सारे ओकावे लागले. याहून मोठी मूर्खता अशी की, मी ते कोणाला सांगितले नाही. आठवड्यातून दोन-तीनदा असे होऊ लागले, रात्री आडवे होताच खोकला येऊ लागला, आणि 'शस्त्रक्रिया झाली म्हणजे हे चालायचेच' अशी मी मनाची समजूत घातली. दोन महिन्यांनी डॉक्टरांनी औषध पाजून क्ष-किरण चित्र घेतले, तेव्हा वरची पिशवी ताणून मोठी झालेली दिसली. कड्यातले सगळे पाणी काढून टाकावे लागले. "वारंवार ओकारी झाली तर कडे जागेवरून सरकते, मग पुन्हा टेबलावर यावे लागते," असे ते म्हणाले. ओकारी थांबेना, रात्री खोकला येऊ लागला किंवा लाळसुद्धा गिळवेनाशी झाली, तर एक दिवसही वाट न पाहता वैद्याकडे जावे, हे मी त्या दिवशी शिकलो.

आता घासाविषयी. घास नखाएवढा घ्यावा, त्याची लापशी होईपर्यंत चावावा, आणि पुढचा घास उचलण्यापूर्वी हात ताटावरून काढून घ्यावा. ताजा पाव आणि मऊ चपाती लाळेत भिजून कणकेसारखी होतात व बुचासारखी बसतात. माझ्या अनुभवात वरणात कुस्करलेली ज्वारीची भाकरी बरी. चिकट भात, मटणाचे धागे, शेवग्याच्या शेंगा, संत्र्याच्या फोडीवरील साल यांचाही भरवसा नाही. आधी मासे, अंडी, डाळ किंवा दही खावे, मग भाजी, आणि जागा उरलीच तर भाकरी. पोट भरल्याची पहिली खूण मिळताच थांबावे. ताटात टाकायचे नाही, हे आपणांस लहानपणी शिकविलेले असते. म्हणून मुळातच कमी वाढून घ्यावे.

आणि घोट! जेवताना पाणी नाही. जेवणानंतर अर्धा तास नाही. पोटाचे दोन भाग अन्नाला, एक पाण्याला आणि एक वायूला, असा आपल्या जुन्या वैद्यकाचा दंडक आहे. आमच्या पिशवीत एवढी वाटणी करण्याइतकी जागाच नाही. उरलेल्या दिवसभर मात्र थोडे थोडे पाणी पीत राहावे, नाहीतर अंगातले पाणी कमी पडते. सोडा आणि फसफसणारी पेये वर्ज्य. लग्नात वधूवरांच्या नावाने पेला उंचावतात, तेव्हा मी तो उंचावतो आणि ओठांना लावून खाली ठेवतो.

परंतु सर्वांत मोठा शत्रू अडकत नाही, घसरतो. भाकरी अडते, पण आमच्या बेळगावचा कुंदा सुखाने खाली उतरतो! आइस्क्रीम, मिल्कशेक, दोन चमचे साखरेचा चहा, उसाचा रस यांना कडे अडवीत नाही, त्यांनी भूकही भागत नाही. दुसऱ्या वर्षी माझे वजन सहा महिने एकाच आकड्यावर उभे राहिले, तेव्हा मी कड्याला दोष देत होतो. दिवसभरात पोटात काय गेले ते डॉक्टरांनी मला वहीत लिहावयास लावले. चौथ्या दिवशी ती वही दाखवायची मलाच लाज वाटली.

कित्येकांना माझे जेवण म्हणजे व्रत वाटते आणि ते माझी स्तुती करतात. हा उपवास नव्हे. उपवासात भूक सोसावी लागते. येथे, कडे नीट बसले असेल तर, भूक लवकर शमते. सोसावा लागतो तो आग्रह. आपल्याकडे 'पुरे' हा शब्द यजमानाच्या कानापर्यंत पोचतच नाही. पहिल्या नाताळाला आईने नेहमीप्रमाणे सान्ना आणि सोरपोतेल केले. मी दोन चमचे रस्सा घेऊन थांबलो. ती काही बोलली नाही, भांडी आवरताना एवढेच म्हणाली, "माझ्या हातचे नको झाले का रे तुला?" याला काय उत्तर द्यावे? दुसऱ्या दिवशी मी तिला कागदावर जठराचे चित्र काढून दाखविले, वर्गात फळ्यावर काढतो तसे. तिने ते बराच वेळ पाहिले, आणि ती पिशवी खरोखर केवढी असते म्हणून विचारले. मी लिंबू दाखविले.

तेव्हापासून ती माझ्यासाठी माशाचे काटे काढून तुकडा वेगळा ठेवते. माझ्या पानाशी पेला मांडीत नाही, खिडकीत ठेवते. जेवण होऊन अर्धा तास झाला की आतून हाक येते, "आता पाणी पी रे."