वार्धक्य आणि स्वाधीनता

(मठाच्या वर्धापन-महोत्सवात झालेले व्याख्यान)



वार्धक्याचा विषय निघाला की परावलंबनाचे दुःख सर्वांच्या ओठी येते. परंतु घरातच राहणाऱ्या ऐंशी-नव्वदीच्या वृद्धास आपली स्वाधीनता कशात वाटते, हे त्यास विचारावयाचे मात्र राहून जाते.

या दृष्टीने महाभारतातील आश्रमवासिक पर्व मननीय आहे. युद्धानंतर धृतराष्ट्र पंधरा वर्षे युधिष्ठिराच्या आश्रयास राहिला. अन्न, वस्त्र, शय्या, मान यांपैकी कशाचीही उणीव धर्मराजाने पडू दिली नाही. भीमाचे मर्मभेदक बोलणे मात्र त्या अंध वृद्धाच्या कानी पडत असे. अखेर त्याने वनात जाण्याचे ठरविले आणि तत्पूर्वी भीष्म, द्रोण व आपले पुत्र यांच्या श्राद्धासाठी द्रव्य मागितले. भीमाने विरोध केला. धृतराष्ट्र निर्दोष नव्हता. भीमाचा रोषही अकारण नव्हता. तरीही युधिष्ठिराने आपले व अर्जुनाचे धन त्यास मोकळे केले. पोट भरणे निराळे आणि स्वहस्ते दान देता येणे निराळे, हे धर्मराजाने ओळखले.

आधुनिक वैद्यकाने स्वावलंबनाचे एक माप सिद्ध केले आहे. अमेरिकेतील सिडनी कॅट्झ व त्यांचे सहकारी यांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या या मापात सहा गोष्टी येतात: स्नान, वस्त्रे नेसणे, शौचास जाणे, अंथरुणातून उठणे, मलमूत्राचा निरोध आणि जेवणे. शुश्रूषेस ते उपयुक्त आहेच. पण वृद्धांच्या मनातील माप याहून वेगळे असते. सुनेच्या हातून लुगडे नेसणारी आजी, कोणते लुगडे नेसावयाचे हे स्वतः सांगत असेल, तर ती स्वाधीन असते. उलट, चांगले हिंडणारे-फिरणारे आजोबा, कपाटाची किल्ली 'तुमच्याच भल्यासाठी' म्हणून काढून घेतली गेली, की त्या दिवसापासून पराधीन होतात. हात दुसऱ्याचा चालतो. इच्छा आपली असावी लागते.

मुलांची भीती खोटी नसते. नव्वदीत न्हाणीघरात पाय घसरला तर मनुष्य कायमचा अंथरुणास खिळू शकतो. म्हणून भिंतीस धरावयास दांडी बसवावी, जमीन कोरडी ठेवावी, रात्री दिवा तेवत ठेवावा. वृद्धांनीही काठी घेण्यात कमीपणा मानू नये. काठी ही पराधीनतेची खूण नसून चालत राहण्याचे साधन होय. परंतु धोका टाळण्याच्या नावाखाली माणसाचे चालणेच बंद करणे ही सेवा नव्हे.

२००७ च्या कायद्याने आईवडिलांचे व ज्येष्ठ नागरिकांचे पालनपोषण मुलाबाळांवर बंधनकारक केले आहे. मात्र कायदा फार तर निर्वाह मिळवून देईल. 'तुम्हांस काय हवे?' हा प्रश्न घरच्यांनीच विचारला पाहिजे.

पालखीच्या दिवशी घरातील वृद्धाने मठात येण्याची इच्छा दर्शविली, तर 'आता तुम्हांस झेपणार नाही' असे म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबावे. त्यांचा हात धरावा, त्यांच्या पावलाने चालावे, आणि दक्षिणा त्यांच्याच हातून ठेववावी. गुरुचरणी तीही सेवा रुजू होईल.