इंग्रजी वाक्यातील जोडशब्द आणि स्वल्पविराम

हैदराबादमध्ये चिक्कडपल्लीच्या सिटी सेंट्रल लायब्ररीत स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्यांची मोठी गर्दी असते, आणि अशा अभ्यासात उभयान्वयी अव्ययांकडे, म्हणजे शब्द किंवा वाक्ये जोडणाऱ्या शब्दांकडे, बारकाईने पाहावे लागते. 'अँड', 'बट', 'सो' यांच्या दोन्ही बाजूंना स्वतःचा कर्ता आणि क्रियापद असलेली वाक्ये आली, तर जोडशब्दाच्या आधी स्वल्पविराम द्यावा, हा मुख्य नियम होय. म्हणून 'रवी केम, बट सीता लेफ्ट' यात तो हवा, परंतु 'रवी केम अँड सॅट' यात कर्ता एकच असल्याने नको. 'इफ'ने सुरू होणारे गौण वाक्य, म्हणजे दुसऱ्या वाक्यावर अवलंबून असलेले वाक्य, आधी आल्यास त्यानंतर स्वल्पविराम येतो, मागून आल्यास बहुधा येत नाही. मराठीभाषकांची खरी अडचण 'दॅट'पाशी होते. मराठीत 'तो म्हणाला, की' असे लिहिण्याची रीत आहे, आणि तीच सवय इंग्रजीत उतरली म्हणजे 'ही सेड, दॅट' असे सदोष वाक्य तयार होते. स्वल्पविरामासारखी इंग्रजी विरामचिन्हे मराठीत रूढ करण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. चिन्ह तेच राहिले, वापर मात्र वेगळा झाला. श्रोत्यांनी इंग्रजी अर्ज लिहिताना 'दॅट'पूर्वीचा हा स्वल्पविराम आवर्जून खोडावा.