गाण्यात सापडलेले शहर

श्रोतेहो, शहर पाहून आलेल्या माणसाला गावात पहिला प्रश्न ठरलेला असतो : काय काय पाहिलंत? मुंबईहून परतलेल्याने राणीची बाग आणि गेटवे सांगितला नाही, तर याने मुंबई पाहिलीच नाही असे सगळे ठरवून मोकळे होतात. न्यूयॉर्कचेही तसेच आहे. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, १०२ मजल्यांची एम्पायर स्टेट इमारत आणि टाइम्स स्क्वेअरचा झगमगाट पाहिला की, झाले न्यूयॉर्क!

आज त्याच शहरात आपण मनाने जाऊ. मात्र सोबती जरा निराळा घेऊ. हा सोबती शिक्षकमंडळींच्या चांगल्या ओळखीचा आहे. तो वर्गात मागच्या बाकावर बसतो, बोटांनी बाकावर ठेका धरतो, आणि ‘काय चाललंय रे?’ म्हटले की, गप्प होतो. त्याला हिप-हॉपचे वेड आहे. न्यूयॉर्कला निघताना त्याच्या खिशात इमारतींची यादी नाही, गाण्यांची यादी आहे. त्या गाण्यांत रस्त्यांची नावे आहेत, वस्त्यांची नावे आहेत. तो ते पत्ते शोधत निघाला आहे. त्याच्यामागून चला, आपल्याला वेगळेच शहर दिसेल.

आधी हिप-हॉप म्हणजे काय, ते पाहू. ते नुसते गाणे नव्हे. त्याची चार अंगे मानतात. तबकड्या वाजवणारा तो डीजे. ठेक्यावर यमके जुळवीत बोलणारा तो एमसी. त्याच्या बोलण्याला रॅप म्हणतात. जमिनीवर अंग झोकून गिरक्या घेत करायचा नाच म्हणजे ब्रेकिंग. २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिक सामन्यांत त्याचीही स्पर्धा झाली. आणि भिंतींवर, गाड्यांवर रंगाने काढलेली नावे म्हणजे ग्राफिटी. डीजे म्हटल्याबरोबर तुमच्यापैकी कित्येकांना वरातीपुढची कर्ण्यांची भिंत आठवली असेल, आणि हात कानांकडे गेले असतील! पण मुळातला डीजे निराळा. त्याची गोष्ट आता येईलच.

न्यूयॉर्कचे पाच भाग आहेत : मॅनहॅटन, ब्रुकलिन, क्वीन्स, ब्राँक्स आणि स्टॅटन आयलंड. प्रवासी बहुतेक मॅनहॅटनमध्येच फिरतात. आपला सोबती तिथे जमिनीखाली उतरतो आणि उत्तरेकडे ब्राँक्सला जाणारी ४ क्रमांकाची गाडी पकडतो. ही भुयारी रेल्वे १९०४ साली सुरू झाली. तिची ४७२ स्थानके आहेत, आणि जवळ उतरा की लांब, भाडे एकच. ब्राँक्समध्ये शिरल्यावर गाडी भुयारातून वर येते आणि रस्त्यावरच्या लोखंडी खांबांवरून धावू लागते. खिडकीतून बेसबॉलचे भव्य क्रीडांगण दिसते. मग विटांच्या उंच इमारती, खाली दुकाने, गजबजलेला रस्ता.

जिरोम अव्हेन्यूवरच्या एका स्थानकावर उतरून आपण पश्चिमेला, हार्लेम नदीच्या बाजूला चालत जातो. पत्ता आहे १५२०, सेज्विक अव्हेन्यू. शंभरावर बिऱ्हाडांची, विटांची, साधी इमारत. घुमट नाही की कमान नाही. शेजारून मोटारींचा महामार्ग घोंघावतो आहे. ‘हे पाहायला एवढ्या लांब आलास?’ असे तुम्ही विचाराल. सोबती म्हणेल, ‘हो. हेच.’

११ ऑगस्ट १९७३ रोजी या इमारतीच्या तळमजल्यावरच्या सामाईक दालनात सिंडी कँपबेल नावाच्या मुलीने एक नाचाची मेजवानी ठरवली. शाळा सुरू व्हायची होती आणि नव्या कपड्यांना पैसे हवे होते. मुलींना प्रवेश पंचवीस सेंट, मुलांना पन्नास. तबकड्या वाजवायला तिचा अठरा वर्षांचा भाऊ क्लाइव्ह होता. त्याला सगळे कूल हर्क म्हणत. हे कुटुंब जमैकाचे. तिथे रस्त्यात मोठाले कर्णे मांडून तबकड्या लावायच्या आणि वरून कुणी तरी माइकवर बोलायचे, ही रीतच होती. ती रीत मुलांबरोबर ब्राँक्सला आली.

क्लाइव्हने नाचणाऱ्यांकडे नीट पाहिले होते. गाण्यात मध्येच गायक थांबतो, बाकीची वाद्ये थांबतात, आणि काही क्षण नुसता तालवाद्यांचा ठेका उरतो. मुलांच्या अंगात येते ते नेमके तेव्हा. पण तो ठेका संपतो लवकर. मग त्याने युक्ती काढली. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवायच्या. एकीवरचा ठेका संपत आला की, दुसरीवर तोच ठेका सुरू करायचा, आणि तोवर पहिली मागे फिरवून ठेवायची. आपल्या ढोलकीवाल्याने रंगलेला तुकडा पुन्हापुन्हा घ्यावा, तसेच हे. फरक एवढाच की, इथे ढोलकीही नव्हती आणि ती शिकवणारा उस्तादही नव्हता. घरातल्या तबकड्या होत्या, त्यांचेच वाद्य झाले.

असे का झाले, ते समजायला इमारतीपासून थोडे पुढे चालावे लागते. तिथे क्रॉस ब्राँक्स हा महामार्ग लागतो. रॉबर्ट मोझेस नावाच्या बड्या अधिकाऱ्याच्या योजनेप्रमाणे १९४८ साली त्याचे काम सुरू झाले आणि पुढे कित्येक वर्षे चालले. रस्ता गेला तो भरवस्तीतून. हजारो कुटुंबांना घरे सोडावी लागली. श्रोतेहो, धरणात गाव गेलेल्या माणसाला हे दुःख समजावून सांगायला नको. ज्यांना शक्य होते ते दुसरीकडे गेले. गरीब मागे राहिले. पुढे १९७० नंतरच्या दशकात दक्षिण ब्राँक्समध्ये इमारतींना आगी लागू लागल्या. काही मालकांनी विम्याच्या पैशासाठी स्वतःच्याच इमारती पेटवून दिल्या. शहराच्या तिजोरीत खडखडाट झाला, म्हणून अग्निशमनाची काही ठाणी बंद केलेली. काही वस्त्यांत बहुतेक इमारती नाहीशा झाल्या. बाहेरच्या लोकांना ब्राँक्स म्हणजे राखेचा ढीग वाटू लागला. आणि त्याच वर्षांत तिथली पोरे विजेच्या दिव्याच्या खांबातून वीज घेऊन मैदानात गाणी वाजवीत होती. १९८२ साली ग्रँडमास्टर फ्लॅश आणि त्याच्या साथीदारांचे ‘द मेसेज’ हे गाणे आले, तेव्हा या रस्त्यांवरचे जिणे साऱ्या जगाने ऐकले.

परतीच्या गाडीत सोबती १४९व्या रस्त्याच्या ग्रँड काँकोर्स स्थानकावर मुद्दाम उतरतो. का? तर एके काळी इथल्या बाकावर ग्राफिटी काढणारी मुले बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांवरची नावे न्याहाळीत. शहरात निरोप्याचे काम करणारा, १८३व्या रस्त्यावर राहणारा एक मुलगा ‘टाकी १८३’ असे जागोजाग लिही. १९७१ साली न्यूयॉर्क टाइम्सने त्याची बातमी छापली आणि मग शेकडो मुलांनी रंगाचे डबे हाती घेतले. ज्याला गावाबाहेर कुणी ओळखत नाही, त्याचे नाव गाडीवर बसून सगळे शहर फिरून येई! उतारूंना मात्र हे सारे नकोसे वाटे, आणि त्यांचेही चुकत नव्हते. खिडक्यासुद्धा रंगाने बुजून जात. शहराने नेटाने गाड्या धुतल्या, आणि मे १९८९ मध्ये शेवटची रंगलेली गाडी बाजूला काढली. बाकावर कर्कटकाने नाव कोरणाऱ्या मुलाला शिक्षा करावी की त्याच्या हाती रंग द्यावा, हा प्रश्न तुम्हां शिक्षकांना नवा नाही.

आता क्वीन्समध्ये चला. नदीवरच्या मोठ्या पुलालगत क्वीन्सब्रिज नावाची सरकारी वसाहत आहे. तीन हजारांवर घरे. अमेरिकेतली अशा प्रकारची सर्वांत मोठी. ती १९३९ साली उघडली. इथे वाढलेल्या नॅस नावाच्या मुलाने १९९४ साली, विसाव्या वर्षी, ‘इल्मॅटिक’ हा आपला पहिला संग्रह काढला. त्याच्या वेष्टनावर त्याचा लहानपणचा चेहरा आहे, आणि त्या चेहऱ्यातून वस्तीतल्या इमारती दिसतात. याच्या आधी, १९८६-८७ च्या सुमारास, या वसाहतीचा एमसी शॅन आणि ब्राँक्सचा केआरएस-वन यांच्यात गाण्यांतून मोठे भांडण जुंपले होते. वाद काय? तर हिप-हॉपचे मूळ कुणाच्या अंगणात! एकाने गाणे करावे, दुसऱ्याने गाण्यानेच उत्तर द्यावे. कलगीवाले आणि तुरेवाले रात्र रात्र एकमेकांना सवाल टाकीत बसत, ते ज्यांनी पाहिले किंवा वडिलांकडून ऐकले आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही.

शेवटचा प्रवास बोटीचा. मॅनहॅटनच्या टोकाहून स्टॅटन आयलंडला जाणारी बोट १९९७ पासून फुकट आहे. पंचवीसेक मिनिटांच्या या वाटेवर स्वातंत्र्यदेवीचा पुतळा छान दिसतो. म्हणून प्रवासी तिच्यात चढतात, छायाचित्रे काढतात, पलीकडे पोहोचले की लगेच दुसऱ्या बोटीने परत फिरतात. आपला सोबती मात्र धक्क्याबाहेर पडून बेटावर चालू लागतो. वू-टँग क्लॅन नावाच्या मेळ्याने १९९३ साली आपला पहिला संग्रह काढला. कुंग-फूच्या चिनी चित्रपटांचे त्यांना वेड. म्हणून आपल्या या बाजूला पडलेल्या बेटाला त्यांनी ‘शाओलिन’ हे नाव देऊन टाकले. बोट तीच, पाणी तेच. एकाचा प्रवास जिथे संपतो, तिथे दुसऱ्याचा सुरू होतो.

श्रोतेहो, आता थोडे मागे, त्या सेज्विक अव्हेन्यूच्या इमारतीकडे येऊ. कारण तिची गोष्ट १९७३ सालीच संपली नाही. मध्यम आणि कमी मिळकतीच्या लोकांना परवडणारी घरे मिळावीत, म्हणून न्यूयॉर्क राज्याने १९५५ साली एक कायदा केला होता. त्याप्रमाणे मालकाला सवलती मिळत, आणि त्या बदल्यात भाडे आवाक्यात ठेवावे लागे. ही इमारत त्या योजनेत होती. २००७ च्या सुमारास मालकाने योजनेतून बाहेर पडायचे ठरवले. म्हणजे भाडी वाढणार, आणि जुन्या बिऱ्हाडांना बाहेर पडावे लागणार. तेव्हा भाडेकरू एकत्र आले. त्यांनी सांगितले : ही नुसती इमारत नव्हे, इथे एक कला जन्माला आली. कूल हर्क स्वतः त्यांच्या बाजूने उभा राहिला. त्याच वर्षी राज्य सरकारने हे जन्मस्थान मान्य केले.

मग सगळे सुरळीत झाले का? नाही. २००८ साली इमारत विकली गेलीच. नव्या मालकाच्या काळात तिची दुरवस्था झाली, कर्ज थकले. पुढे दोन-तीन वर्षांनी शहराची मदत घेऊन ती दुसऱ्यांच्या हाती गेली, दुरुस्त्या झाल्या, आणि घरे आवाक्यात राहिली. २०१६ साली त्या रस्त्याच्या तुकड्याला हिप-हॉपचे नावही मिळाले. गाण्याच्या कीर्तीने एकट्याने घर वाचले, असे मी म्हणणार नाही. ते वाचले भाडेकरूंच्या चिकाटीने. पण भाडेकरूंचे गाऱ्हाणे रोजच येते आणि रोजच फायलीत जाते. गाण्यामुळे या लोकांचे म्हणणे दारात उभे राहून ऐकून घेतले गेले. एका मुलीने शाळेच्या कपड्यांसाठी केलेली मेजवानी चौतीस वर्षांनी शेजाऱ्यांच्या उपयोगी पडली!

म्हणून आपला सोबती त्या दारापाशी उभा राहतो, पण आत घुसत नाही. खिडक्यांतून डोकावून छायाचित्रे काढत नाही. ते लोकांचे राहते घर आहे. वर कुणाच्या चुलीवर भात शिजत असेल, कुणी रात्रपाळी करून झोपले असेल. समोरून कुणी म्हातारी बाई सामानाची पिशवी घेऊन आली, तर दार धरावे, बोलली तर ऐकावे, आणि मग आपल्या वाटेने जावे. गाण्यातून शहर पाहणारा माणूस हे शिकला नाही, तर त्याच्यात आणि पुतळा पाहून परत फिरणाऱ्यात फरक तो काय राहिला?

हे लोण मुंबईतही आले आहे. २०१५ साली डिव्हाइन आणि नेझी या मुंबईच्या दोन तरुणांचे ‘मेरी गली में’ हे गाणे गाजले, आणि २०१९ साली ‘गल्ली बॉय’ या चित्रपटाने धारावीचे बोळ घरोघर पोचवले. पण शहराची ही दुसरी बाजू आपल्याकडे त्याआधीही गायली गेली आहे. अण्णा भाऊ साठे यांनी मुंबईवर लावणी लिहिली, तेव्हा त्यांनीही कष्टकऱ्याच्या नजरेने श्रीमंतांची मुंबई आणि गरिबांची मुंबई अशा दोन मुंबया दाखवल्या होत्या.

तेव्हा गुरुजनहो, मागच्या बाकावर ठेका धरणाऱ्या त्या मुलाला एकदा पुढे बोलवा. त्याला म्हणावे, ‘तुझ्या आवडत्या गाण्यात कुठले गाव आहे, ते नकाशात दाखव बघू.’ त्याने बोट ठेवले की, दुसरा प्रश्न विचारा : ‘आता आपल्या गावावर गाणे करायचे, तर त्यात कुठले कुठले पत्ते येतील?’ मुले आधी देऊळ आणि शाळा सांगतील. थोडा धीर धरा. मग विहीर येईल, एस्‌टीचा थांबा येईल, धरणात गेलेले जुने गावठाण येईल, आणि ज्या वस्तीकडे पाहुण्यांना आपण कधी नेत नाही, ती वस्तीही येईल. ती येईल तेव्हा फळ्यावर तिचे नाव जरूर लिहा.