तोफ जमिनीवर, नजर आभाळात



तोफेत एक मोठे उणे आहे. ती जिथे मारा करते ते ठिकाण तिला दिसत नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या पंचवीस पौंडी तोफेचा पल्ला साधारण बारा किलोमीटरचा. देवळाली कॅम्पापासून द्वारका चौकापर्यंतचे सरळ रेषेतले अंतर तेवढेच, थोडे कमीच. एवढ्या लांब, एखाद्या डोंगराच्या पाठीमागे गोळा पडतो आणि तोफेजवळच्या जवानाला तो कुठे पडला हे कळायला काहीच मार्ग नसतो. म्हणून तोफखान्यात एक अधिकारी तोफांपासून दूर, पुढे जाऊन बसतो. त्याच्या जागेला ऑब्झर्व्हेशन पोस्ट म्हणतात, सैनिकांच्या तोंडी ‘ओपी’. गोळे कुठे पडतात ते तो पाहतो आणि मागे कळवतो. आजचा माझा विषय आहे ही ओपी आभाळात कशी गेली, आणि त्या कहाणीत आपल्या देवळालीचा वाटा काय.

ओपीला उंच जागा लागते. सह्याद्रीत उंच जागांना तोटा नाही. बहुला किल्ल्याच्या परिसरात तोफांचा सराव चालतो, तिथे कुठल्याही सुळक्यावर बसा, पंचक्रोशी दिसते. पण लढाया सोयीच्या जागी होत नाहीत. पंजाबच्या सपाटीवर सप्टेंबरात डोक्याइतका ऊस उभा असतो. राजस्थानात वाळूच्या टेकडीमागे दुसरी टेकडी, तिच्यामागे तिसरी. तिथे बघणाऱ्याला वर उचलण्यावाचून इलाज नाही. ही कल्पना विमानाहून जुनी आहे. १७९४ मध्ये फ्लरसच्या लढाईत फ्रेंचांनी बलूनमधून शत्रूच्या हालचाली पाहिल्या होत्या. पहिल्या महायुद्धात विमानातून बिनतारी संदेश पाठवून तोफांचा नेम सुधारला जाऊ लागला.

आणि मग भांडण लागले. १ एप्रिल १९१८ रोजी ब्रिटनमध्ये स्वतंत्र हवाई दल झाले. विमाने त्यांची, वैमानिकही त्यांचेच. तोफखान्याने विनंती करायची, हवाई दलाने सवडीने विमान द्यायचे. चार्ल्स बेझली नावाच्या तोफखान्याच्या अधिकाऱ्याला हे मान्य नव्हते. त्याचा मुद्दा साधा होता. वैमानिकाला तोफखाना शिकवण्यापेक्षा तोफखान्याच्या माणसाला उडायला शिकवणे सोपे आहे. १९४० साली त्याची ‘डी फ्लाइट’ चाचणीसाठी फ्रान्सला गेली आणि लढाईत उतरण्याआधीच परतली. पण कल्पना तगली. १९४१ मध्ये इंग्लंडात ६५१ स्क्वॉड्रन उभी राहिली. तडजोड अशी झाली: विमान आणि त्याची दुरुस्ती हवाई दलाकडे, विमान चालवणारा मात्र तोफखान्याचा. तिला नाव पडले एअर ऑब्झर्व्हेशन पोस्ट, एअर ओपी.

त्याच वर्षी, १९४१ मध्ये, स्कूल ऑफ आर्टिलरी ॲबटाबादजवळच्या काकूलहून देवळालीला आले. तोफखान्याचे शिक्षण जिथे, तिथेच एअर ओपीचेही होणार हे ओघानेच आले. महायुद्धाच्या काळात १५८७ क्रमांकाची एअर ओपी फ्लाइट देवळालीत होती. १९४३ मध्ये भारतात आलेली ६५६ स्क्वॉड्रन पुढे चौदाव्या सेनेबरोबर ब्रह्मदेशाच्या जंगलात लढली.

त्यांचे विमान होते ऑस्टर. पंख वरच्या बाजूला, अंगावर कापड, इंजिन १३० अश्वशक्तीचे, जोडीला बंदूकसुद्धा नाही. शेतातल्या पट्टीवरून उडायचे, तिथेच उतरायचे, झाडाखाली जाळी टाकून लपवायचे. शत्रूचे लढाऊ विमान आले तर बचाव एकच, झाडांच्या शेंड्यांपर्यंत खाली यायचे आणि इतके लहान वळण घ्यायचे की वेगवान विमानाला ते जमू नये.

आत बसलेला माणूस काय करत होता, ते नीट समजून घेऊ. शत्रू दिसला की तो नकाशावरची जागा रेडिओवरून कळवतो. एक तोफ एक गोळा टाकते. गोळा पलीकडे पडला तर तो म्हणतो, चारशे कमी. पुढचा अलीकडे पडला तर, दोनशे वाढवा. म्हणजे लक्ष्य दोन गोळ्यांच्या मधे सापडले. मग शंभर, मग पन्नास, अंतर निम्मे निम्मे करत नेम बसतो, आणि तो सगळ्या तोफांना हुकूम देतो: ‘फायर फॉर इफेक्ट’. हे चालू असताना विमान उडवायचे, खालून गोळ्या येतात त्या चुकवायच्या, मांडीवर नकाशा, आणि गोळा पडायच्या क्षणी नजर नेमकी त्या जागेवर हवी. एक क्षण नजर हलली तर धुराचा लोट उठून गेलेला असतो आणि गोळा वाया. या माणसाला मी पायलटपेक्षा गोलंदाज म्हणेन, तोफखान्याच्या जुन्या अर्थाने. आपल्या तोफखान्याचा वाढदिवस २८ सप्टेंबरला असतो, कारण १८२७ मध्ये त्या दिवशी मुंबई इलाख्यात गोलंदाजांची कंपनी उभी राहिली. एअर ओपीचा वैमानिक त्याच वंशातला.

फाळणीत हाही संसार वाटला गेला. वायव्य सरहद्दीवरची ६५९ स्क्वॉड्रन १४ ऑगस्ट १९४७ रोजी लाहोरला बरखास्त झाली आणि तिची विमाने दोन देशांत विभागली. ऑगस्टमध्येच भारताची पहिली एअर ओपी फ्लाइट अस्तित्वात आली, आणि लगेच काश्मीर पेटले. भारतीय सेनेच्या हवाई स्क्वॉड्रनचे क्रमांक आजही सहाशे एकोणसाठ, साठ, एकसष्ट असे चालतात, ते त्या जुन्या मालिकेतलेच.

टेहळणी म्हटले की बहुतेकांना उंचावरून फोटो घेणारे विमान आठवते. त्या परंपरेतले आपले सर्वांत मोठे नाव विंग कमांडर जगमोहन नाथ. १०६ स्क्वॉड्रनच्या कॅनबेरा विमानातून त्यांनी १९६२ च्या आधी अक्साई चीनवर उड्डाणे केली, १९६५ मध्ये पाकिस्तानवर केली, आणि महावीर चक्र दोनदा मिळवले. त्यांनी आणलेल्या पुराव्याचे १९६२ पूर्वी दिल्लीत काय झाले, त्याची किंमत देशाने मोजली. फोटो धुवायचा, वाचायचा, वर पाठवायचा, आणि वरच्यांनी त्यावर विश्वास ठेवायचा, एवढ्या पायऱ्या त्या कामात असतात. एअर ओपीत एकही पायरी नाही. ज्याने पाहिले तोच हुकूम देतो आणि मिनिटभरात गोळा पडतो. दोन्ही कामे थोर आहेत. पण एअर ओपीवर आपल्याकडे फार कमी लिहिले गेले आहे, याची मला मनापासून खंत वाटते.

लोंगेवालाचेच बघा. ५ डिसेंबर १९७१ ची पहाट. पंजाब रेजिमेंटची एक कंपनी, समोर रणगाड्यांची पलटण. मेजर कुलदीपसिंह चांदपुरींनी रात्रभर चौकी धरून ठेवली, आणि उजाडताच जैसलमेरहून हंटर विमाने आली. चित्रपटामुळे हे घराघरांत माहीत आहे. हंटर विमानांच्या बरोबरीने त्या आभाळात आणखी एक विमान होते: मेजर आत्मासिंग यांचे कृषक. हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बेंगळुरूत बनवलेले, २२५ अश्वशक्तीचे, संथ चालीचे. रणगाडे वाळूत गोल गोल फिरून धुळीचे पडदे उभे करत होते. ताशी शेकडो किलोमीटर वेगाने येणाऱ्या हंटरच्या वैमानिकाला खाली बघायला दोन-चार सेकंद मिळत, त्यात धूळ. आत्मासिंग मात्र तिथेच घिरट्या घालत होते, कुठला रणगाडा पेटलेला आहे, कुठला चालू आहे, कुठे वळतो आहे, हे रेडिओवरून सांगत होते. खाली गोळीबार चालू असताना, अंगावर कसलेही कवच नसलेल्या विमानात. त्यांना वीरचक्र मिळाले. लोंगेवालाची लढाई सांगताना त्यांचे नाव पहिल्या तीन नावांत यावे, असे माझे ठाम मत आहे.

सत्तरच्या दशकात कृषक गेले, चीता हेलिकॉप्टर आले. हेलिकॉप्टरला धावपट्टी लागत नाही, आणि डोंगराच्या आड थांबून क्षणभर डोके वर काढून बघता येते. १ नोव्हेंबर १९८६ रोजी आर्मी एव्हिएशन कोअर स्वतंत्र झाले आणि तोफखान्याशी असलेली नाळ कागदोपत्री तुटली. त्यांचे ब्रीद ‘सुवेग व सुदृढ’. बेझलीने मांडलेला वाद भारतात असा चाळीस वर्षांनी सुटला. विमानही सेनेचे, माणूसही सेनेचा. पण तोफखान्याबाहेरचे अधिकारीही आता वैमानिक होऊ लागले. काही जुन्या गनर अधिकाऱ्यांना ते रुचले नाही. त्यांची बाजू मला समजते, तरी निर्णय योग्यच होता. जखमींना उचलणे, रसद पोचवणे, शत्रूवर हल्ला करणे, एवढी कामे वाढल्यावर एका शाखेची मक्तेदारी टिकणार नव्हती.

२००३ पासून या सगळ्यांचे शिक्षण नाशिकरोडला, गांधीनगरच्या धावपट्टीवर होते. कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूल, बोलीत ‘कॅट्स’. उपनगर, जेलरोड भागातल्या लोकांना तिथली हेलिकॉप्टरे घड्याळाइतकी ओळखीची. मे २०२२ मध्ये कॅप्टन अभिलाषा बराक यांनी तिथेच विंग्ज मिळवले आणि त्या सेनेच्या पहिल्या महिला कॉम्बॅट एव्हिएटर ठरल्या. त्यांच्या बरोबर आणखी छत्तीस जण उत्तीर्ण झाले.

आता ड्रोन आले. सुरुवातीला ते तोफखान्याकडेच होते, नंतर आर्मी एव्हिएशनकडे गेले. म्हणजे ऑस्टरने धरलेली वाटच त्यांनी पुन्हा धरली. नेम सुधारण्याचे काम यंत्र माणसापेक्षा कमी धोक्यात करत असेल तर ते त्याने जरूर करावे. एखादा तरुण अधिकारी कापडी विमानात मरण्यापेक्षा एक यंत्र पडलेले बरे. पण सियाचीनच्या ठाण्यावरून हिमदंश झालेल्या जवानाला खाली आणणारे आजही चीताच आहे. मूळ फ्रेंच रचना १९६९ ची. तिच्या फ्रेंच भावंडाने १९७२ मध्ये १२ हजार ४४२ मीटरचा उंचीचा विक्रम केला, म्हणून ती हिमालयात चालते. पण अपघात होत राहिले, आणि २०१४ मध्ये सेनाधिकाऱ्यांच्या पत्नींनी एकत्र येऊन ही हेलिकॉप्टरे बदला अशी मागणी केली. त्यांची जागा घेणारे हलके हेलिकॉप्टर सप्टेंबर २०१६ मध्ये पहिल्यांदा उडाले. तेव्हापासून आपण वाट पाहतो आहोत. ज्या गावात हे वैमानिक घडतात त्या गावाच्या लोकांनी हा प्रश्न संसदेपर्यंत नेला पाहिजे. आपल्या खासदारांना पत्र लिहायला कुणाची परवानगी लागत नाही.