शिळांच्या रिंगणातलं गाव

इंग्लंडच्या विल्टशरमध्ये एव्हबरी नावाचं चिमुकलं गाव आहे. त्याचा काही भाग चक्क एका शिळावर्तुळाच्या आत वसलाय! साडेचार हजार वर्षांपूर्वीचं हे वर्तुळ जगातलं सर्वांत मोठं. इथे शिळांभोवती मेंढ्या चरतात आणि त्या खडबडीत दगडांना पाहुण्यांना खुशाल हात लावता येतो.

१९३८ मध्ये पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कीलर यांना इथल्या एका शिळेखाली मध्ययुगीन माणसाचा सांगाडा सापडला. सोबत कात्री आणि चांदीची नाणी.

गावातून पायी निघालं की सिलबरी हिल लागते. माणसांनी रचलेली ही टेकडी सुमारे ३९ मीटर उंच आहे. पुढे वेस्ट केनेटचं प्राचीन दफनस्थळ. त्याच्या दगडी दालनांत आजही जाता येतं. स्टोनहेंजसह हा परिसर १९८६ पासून जागतिक वारसास्थळ आहे.