मंगळावरच्या हवेची चावी कोणाकडे?

(घोडबंदर येथील विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंगळावर वस्ती होणार, हे आपली पोरं मोबाईलवर रोज बघतात. होईल काय, ते आधी पाहू.

मंगळावरची हवा आपल्या हवेच्या शंभराव्या हिश्श्याहूनही विरळ, त्यात 95 टक्के कार्बन डायऑक्साइड. थंडी सरासरी उणे 60 अंश. कार्ल सेगन या शास्त्रज्ञाने 1973 साली कल्पना मांडली, की ध्रुवांवरच्या बर्फावर काळी भुकटी पसरा. काळा रंग ऊन शोषतो, बर्फाचा वायू होईल, वायू ऊब धरील, मग आणखी बर्फ वितळेल. डोकं बघा केवढं! पण 2018 साली जकॉस्की आणि एडवर्ड्स यांनी हिशेब मांडला, की तेवढा वायू आता तिथे हाताशी उरलेलाच नाही. नासाच्या यंत्राने 2021 ते 2023 या काळात 16 वेळा चालून तिथल्या हवेतून प्राणवायू काढला, तो सगळा मिळून 122 ग्रॅम. माणसाला दिवसाला सुमारे 840 ग्रॅम लागतो. म्हणजे एका माणसाचे साडेतीन तास!

तेव्हा राहायचे झालेच तर बंद घुमटात, यंत्राच्या हवेवर. ही हवा आम्हा मिलवाल्यांना नवी नाही. आमच्या साचेखात्यात खिडक्या बंद करून पाण्याचे तुषार सोडतात, कारण कोरड्या हवेत सूत तुटते. ती हवा सुतासाठी केलेली; माणूस घामाने निथळला तरी मशीन चालू. पण पाळी सुटली की खाडीवरचा वारा फुकट मिळतो. तिथे गेटाबाहेर श्वासच नाही.

18 जानेवारी 1982 ला मुंबईत आमच्या वडीलधाऱ्यांचा गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो वर्षाच्या वर चालला, कारण हजारो जण गावी जाऊन भाकरी-चटणीवर राहू शकले. मंगळावर गाव कुठले? ज्याच्या हातात हवेची चावी, त्याच्याशी पगाराचे भांडण करणार कोण? पाण्यावर पहारा बसला तर काय होते, ते 1927 च्या महाडने आपल्याला शिकवलेच आहे.

1967 चा अंतराळ करार आम्ही वाचला. कोणत्याही देशाला ग्रहावर मालकी सांगता येत नाही, खाजगी कंपनीला आपल्या सरकारची परवानगी आणि देखरेख लागते, हे त्यात आहे. घुमटातल्या कामगाराची हवा कोणी बंद करू नये, असे कलम मात्र त्यात नाही. आपली मुले इंजिनियर होताहेत, वकीलही होताहेत. यंत्राचा नकाशा काढतील त्यांनी हे कलमही लिहायला घ्यावे.

जयभीम.