गाडीला पाणी पाजू नका

मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचे वर्ग घेते. आकाशवाणीवर बोलायला आले की मागाहून पत्रं येतात, आणि उन्हाळा लागला की त्यातली बहुतेक एकाच प्रश्नाची असतात. ‘कूलंट महाग पडतं. रेडिएटरमध्ये साधं पाणी टाकलं तर चालेल का?’ कुणी विहिरीचं विचारतं, कुणी बोअरचं, कुणी नळाचं. उत्तर तिन्हींना एकच. नाही चालणार.

का नाही, ते सांगते. इंजिनात जे पेट्रोल किंवा डिझेल जळतं, त्याच्या उष्णतेतला साधारण एक तृतीयांश भाग गाडी ओढायला कामी येतो. तेवढाच सायलेन्सरमधून धुरावाटे निघून जातो. उरलेली बरीचशी उष्णता इंजिनाभोवतीच्या पोकळ्यांमधून फिरणाऱ्या कूलंटला उचलावी लागते. पंप ते फिरवतो. 82 ते 90 अंशांच्या आसपास थर्मोस्टॅट नावाची झडप उघडते, कूलंट रेडिएटरमध्ये येतं, तिथल्या बारीक नळ्यांमधून जाताना वाऱ्यानं थंड होतं आणि परत इंजिनात जातं. घाटात वारा पुरत नाही, तेव्हा पंखा मदतीला येतो.

आता त्या नळ्या. आम्ही वर्गात मुलांना दाखवायला एक निकामी रेडिएटर आडवा कापून ठेवलाय. ॲल्युमिनियमची चपटी नळी, आतली फट जेमतेम दीड-दोन मिलिमीटरची. नखानं खरवडलं तर पांढुरका, खडूसारखा थर निघतो आणि त्यात तांबूस गाळ. मधल्या कितीतरी नळ्यांमधून टाचणीसुद्धा जात नाही. मालकानं सरळ सांगितलं होतं, ‘मॅडम, मी कधी पाणी कमी पडू दिलं नाही.’ पडू दिलं नाही, हे खरं. दर आठवड्याला शेतावरच्या बोअरचं टाकत होते ना!

आपल्याकडे काळ्या दगडातलं, जमिनीखालचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. पाणी तापलं की ते क्षार धातूवर बसतात. गिझरच्या कॉइलवर जो थर तुम्ही दर वर्षी बघता, तोच हा. फरक एवढाच, की गिझर खोलून घासता येतो, रेडिएटरची नळी आतून घासता येत नाही.

म्हणून काही जण म्हणतात, मग आरओचं पाणी टाकतो. एका गृहस्थांनी तर कहर केला. आरओच्या यंत्रातून जे पाणी वाया जातं, ते बादलीत साठवून ते गाडीत ओततात. पाण्याची बचत म्हणे! अहो, गाळून काढलेले सगळे क्षार त्याच बादलीत असतात. त्यापेक्षा नळाचं टाकलं असतं तर निदान कमी पाप लागलं असतं. ती बादली फरशी पुसायला वापरा, गाडीच्या बॉनेटजवळ आणू नका.

आणि समजा, अगदी शुद्ध, बॅटरीत घालतात ते पाणी टाकलं, तरीही नुसतं पाणी नकोच. इंजिनात बिडाचा ब्लॉक, ॲल्युमिनियमचं हेड, कुठे पितळ, कुठे रबर. नुसत्या पाण्यात बीड गंजतं, ॲल्युमिनियम खाल्लं जातं, आणि तोच गंज नळ्यांत जाऊन बसतो. कूलंटमध्ये गंज रोखणारी रसायनं असतात, ती या सगळ्या धातूंना सांभाळतात आणि पंपाच्या सीललाही. शिवाय उकळण्याचा मुद्दा आहेच. पाणी 100 अंशांना उकळतं, कूलंट आणि पाण्याचं निम्मं-निम्मं मिश्रण 107-108 ला. झाकणामुळे आत दाब राहतो, त्यामुळे दोन्ही आकडे आणखी वीसेक अंश वर जातात. खंबाटकी किंवा कसाऱ्याच्या घाटात, मे महिन्यात, भरलेली गाडी ट्रकच्या मागे पहिल्या गिअरवर चाललेली असताना हेच सात-आठ अंश कामाला येतात.

झाकणाचा विषय निघालाच आहे, तर तापलेल्या गाडीचं झाकण उघडू नका. फडकं गुंडाळूनही नाही. दाब सुटला की आतल्या पाण्याची त्याच क्षणी वाफ होते आणि ती थेट तोंडावर येते. अर्धा-पाऊण तास थांबा. वरचा रबरी पाइप हाताला गार लागला, की मगच झाकणाला हात लावा.

तापमानाचा काटा वर गेला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण चालू करा, जागा बघून गाडी बाजूला घ्या. हल्लीच्या बऱ्याच छोट्या गाड्यांना काटाच नसतो, नुसता दिवा असतो. निळा म्हणजे इंजिन अजून गार आहे. लाल लागला की थांबायचं, ‘पुढच्या ढाब्यापर्यंत जाऊ’ नाही. हेड वाकलं, गॅस्केट गेलं, की काही शे रुपयांच्या कूलंटपायी हजारोंचं काम निघतं. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ मलई दिसली तर ते झालेलं असू शकतं, लगेच तपासून घ्या. आणि तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो.

हां, घाटात अडकलात, कूलंट गळून गेलंय, जवळ फक्त प्यायच्या पाण्याची बाटली आहे, तर गाडी गार झाल्यावर ते टाका. तेवढ्यापुरतं चालतं. पण घरी पोचल्यावर ते सगळं काढून, आतून धुऊन, कूलंट भरून घ्यायचं. आणीबाणीत टाकलेलं पाणी दोन वर्षं तसंच फिरत राहतं, तिथे घोळ होतो.

कूलंट कोणतं? गाडीच्या पुस्तिकेत लिहिलंय ते. रंगावर जाऊ नका. हिरवा, गुलाबी, लाल हे रंग कंपन्या आपापल्या मर्जीनं घालतात, आणि दोन जातींची रसायनं एकत्र आली की गाळ होऊ शकतो. डब्यावर ‘रेडी टू यूज’ असेल तर पाणी अजिबात घालायचं नाही. कॉन्सन्ट्रेट असेल तर डब्यावरच्या प्रमाणात, आणि बॅटरीचंच पाणी. बोअरचं नाही. हे मी आज कितव्यांदा सांगतेय, मलाही आठवत नाही.

गळती थांबवायला हळद टाकणारे मिस्त्री अजून आहेत. गळती थांबते, खरंय. हळद बारीक भोकात जाऊन बसते, तशीच चांगल्या नळ्यांतही जाऊन बसते. थर्मोस्टॅट काढून फेकणारेही आहेत. त्यानं इंजिन कायम अर्धवट गार राहतं, तेल जास्त पितं आणि लवकर झिजतं. काढू देऊ नका.

ऊसपट्ट्यातल्या लोकांनी गळीत हंगामात एकदा समोरची जाळी बघावी. पाचटाचा भुगा आणि किडे एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधे अडकतात. हलक्या धारेनं, इंजिनाच्या बाजूनं बाहेरच्या दिशेला धुवायचं. सर्व्हिसिंगवाल्याला जोराची धार सरळ मारू देऊ नका, पाती वाकतात.

रेडिएटर बदलायचा कधी? जुने तांब्या-पितळेचे होते तेव्हा डाग देऊन वर्षानुवर्षं चालवत. आता गाभा ॲल्युमिनियमचा आणि दोन्ही टाक्या प्लॅस्टिकच्या असतात. प्लॅस्टिकला तडा गेला किंवा गाभा आतून बुजला, की बदलणं बरं. बदलताना झाकण, रबरी पाइप आणि क्लिपा नव्या घ्या, तिथे पैसे वाचवू नका. कूलंट भरल्यावर हीटर चालू ठेवून हवा काढायची आणि पंखा निदान दोनदा आपोआप चालू-बंद होईपर्यंत गाडी उभ्यानं चालवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी, गार असताना, पातळी पुन्हा बघायची. ती थोडी उतरलेली असतेच, तेवढी भरायची. दर दोन-चार दिवसांनी उतरत राहिली, तर कुठेतरी गळतंय.

काढलेलं जुनं कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका. ते चवीला गोड असतं आणि विषारी असतं. कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात, लहान मुलांनाही धोका आहे. डब्यात भरून, झाकण लावून, वर ‘विष’ असं ठळक लिहा आणि गॅरेजवाल्याकडे द्या. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत तर चुकूनही भरू नका, कुणीतरी उचलून तोंडाला लावेल.